टी रांगेतून लाऊंजमध्ये

क्लबमधून फोन आला तेव्हा शेजारची व्हर्ना माझ्या अंगणात लिंबाची छाटणी करत होती. झाड माझं, छाटणी तिची. माझ्या हातात कात्री दिली की झाड सुकतं असं तिचं ठाम मत आहे, आणि तीन झाडं तशी गेलीही आहेत, त्यामुळे मी वाद घालत नाही.

तिने फोन डाव्या कानाला लावला. उजवा कान कामातून गेलेला. चौतीस वर्षं ती हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये होती, आणि प्लास्टर कापायच्या करवतीच्या आवाजाने तो कान खाल्ला. तेव्हापासून ती समोरच्याचे ओठ वाचते. फोनला ओठ नसतात, म्हणून फोनवर ती ओरडते.

"कोण टोबी? हां, पेलिकन्सचा. बोल."

पेलिकन्स म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या आमच्या न्यूकॅसलचा बास्केटबॉल संघ. टोबी तिथे सदस्यांचं काम बघतो. तिच्या फोनचा आवाज पूर्ण वाढवलेला, त्यामुळे त्याचं म्हणणं मला झाडापलीकडून ऐकू येत होतं. मिसेस टॉलहर्स्ट, तुम्ही एकोणीस वर्षं सदस्य आहात. या रविवारी खाली लाऊंजमध्ये बसून बघा. दोन जागा, आमच्याकडून. आवडलं तर पुढच्या मोसमात तिथलीच जागा घ्या.

"आणि नाही आवडलं तर?"

"तर पोटभर जेवून घरी जा," टोबी म्हणाला.

"कोलंबी असते का?"

"असते की."

"मग येते." तिने फोन खिशात टाकला आणि माझ्याकडे वळली. "लेस, रविवारी ती खाकी चड्डी घालून येऊ नकोस. आपल्याला गालिच्यावर बसायचंय."

आमची नेहमीची जागा म्हणजे स्टेडियममधली टी अक्षराची रांग. छताच्या खालची, शेवटून दुसरी. तिथे आम्ही चौघं शेजारी शेजारी बसतो. मी, म्हणजे लेस. बंदरात जहाजं ओढणाऱ्या टगबोटीच्या इंजिनावर होतो, आता निवृत्त. माझ्या डावीकडे व्हर्ना. तिच्या पलीकडे नायरी, न्यूझीलंडची, शाळेची बस चालवते. आणि टोकाला कॉस्टा, ज्याचं मासळीचं दुकान आहे आणि जो दोन माणसांची जागा घेतो. व्हर्ना खाली जाणार हे कळल्यावर या दोघांना आधी राग आला. मग लगेच नायरी पुढे सरकली.

"म्हणजे तुला ब्रॉडीचं तोंड दिसेल!"

हा आमच्या रांगेचा सात वर्षांचा वाद. ब्रॉडी केलेहर आमचा कर्णधार. समोरच्याने फाऊल केला की त्याला फ्री थ्रो मिळतो. कुणी आडवं येत नाही, एकट्याने रेषेवर उभं राहून नेम धरायचा. ब्रॉडी चेंडू हातात घेण्याआधी खाली वाकतो, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवतो आणि काहीतरी पुटपुटतो. वरून आम्हाला दिसतं ते फक्त त्याचं डोकं, आणि त्यावर दरवर्षी थोडं वाढणारं टक्कल. दुर्बिणीतून टक्कल मोठं दिसतं, एवढंच. नायरी म्हणायची, प्रार्थना. कॉस्टा म्हणायचा, पंचाच्या आईचा उद्धार करतो. मी म्हणायचो, आकडे मोजतो. व्हर्ना कधीच अंदाज सांगायची नाही. एक्स-रे बघितल्याशिवाय कुठलं हाड मोडलंय ते न सांगायची सवय, दुसरं काय.

"बघून ये आणि सांग," कॉस्टाने बजावलं. "खोटं सांगितलंस तर पुढच्या वेळी चिप्स नाहीत."

नाताळाच्या आधीचा तो रविवार. दुपारी दोनची मॅच, आमचा ऐन उन्हाळा, बाहेर डांबर वितळायला आलेलं. आम्ही एरवी मागच्या गेटने शिरतो. आज पुढचं काचेचं दार. एका मुलीने मनगटाला जांभळी पट्टी बांधली आणि "या, तुमचीच वाट बघत होतो" असं म्हणाली. एकोणीस वर्षांत इथे कुणी आमची वाट बघितली नव्हती. व्हर्नाने गालिच्यावर पाऊल टाकण्याआधी बूट पायपुसण्यावर दोनदा घासले.

आत थंडगार. लांब टेबलावर बर्फात रचलेली कोलंबी, कोकराच्या बरगड्या, आणि पंख्याच्या वाऱ्याने वरची साय हलेल एवढा उंच पाव्हलोव्हा केक. एका बाजूची भिंत पूर्ण काचेची. तिच्या पलीकडून खेळाडू कपडे बदलायच्या खोलीतून कोर्टाकडे जातात. लोक हातात ग्लास घेऊन काचेकडे पाठ करून उभे होते. व्हर्ना मात्र काचेला नाक लावूनच उभी राहिली. एकेक खेळाडू जाताना मला सांगत होती.

"लेस, हा कसला उंच आहे रे! वरून आपण याला बुटका म्हणायचो."

पांढऱ्या जाकिटातला एक गृहस्थ आमच्याजवळ आला. छपरांचं काम करणारी त्याची कंपनी होती, नाव खिशावर भरलेलं. "तुम्ही कुणाकडून?" त्याने अदबीने विचारलं.

"टी रांगेकडून," व्हर्ना म्हणाली.

"टी रांग... विमावाले का?"

"नाही. उंचावरचं काम."

"अरे वा, म्हणजे आमच्यासारखंच," असं म्हणून तो खूश होऊन गेला.

आमचे सोफे एका बास्केटच्या मागे, कोर्टाला अगदी लागून होते. मऊ इतके की बसलं की माणूस मागे जातो, आणि मागे गेलं की कोर्टाऐवजी छत दिसतं. दोन मिनिटं धडपडून आम्ही दोघंही सोफ्याच्या काठावर येऊन बसलो, बस थांब्यावर बसतात तसे. मॅच सुरू झाली आणि मला आधी कळेचना काय चाललंय. वरून खेळ नकाशासारखा दिसतो. कोण कुठे जाणार, कुठे जागा मोकळी आहे, सगळं. खाली तो नकाशाच नाहीसा झाला. राहिली ती दहा प्रचंड माणसं, एकमेकांवर आदळणारी. बुटांचा किंचाळल्यासारखा आवाज, मलमाचा वास, छातीतून निघणारा श्वास. एक जण चेंडूमागे धावत आमच्या सोफ्यापाशी घसरत आला तेव्हा त्याच्या हनुवटीवरचा घाम व्हर्नाच्या बुटावर पडला. तिने तो पुसला नाही. नुसती बघत राहिली.

आणि मग तिला सापडलं की इथे तर सगळ्यांची तोंडं दिसतात.

"तो बारा नंबर," ती माझ्या कानाशी म्हणाली, "त्या पाच नंबरला विचारतोय, बार्बेक्यू कुणाकडे आहे."

"काहीतरीच!"

"अगदी. आणि पाच नंबर म्हणतोय, तुझ्याकडेच आहे गाढवा, बायकोने सांगितलं नाही का?"

ते दोघं विरुद्ध संघांतले होते. एकमेकांना कोपराने ढकलता ढकलता त्यांचं हे चाललेलं. व्हर्ना पुढचा अर्धा तास माझ्या कानात सगळं ओतत होती. पंच कुणाला शांत हो म्हणतो, परक्या संघाचा कोच कुठल्या शब्दांनी आपल्याच पोरांची पूजा बांधतो, बाकावरचा राखीव खेळाडू शेजाऱ्याला दाढदुखी सांगतो. नाटकाच्या पडद्यामागे शिरल्यासारखी ती हरखली होती. शेजारच्या सोफ्यावरच्या बाईंनी फोनमधून डोकं वर काढून "स्कोअर काय झाला हो?" असं विचारलं तेव्हा आम्हा दोघांनाही तो सांगता आला नाही.

एक अडचण मात्र होती. पूर्वार्धात आमचा संघ पलीकडच्या बास्केटमध्ये चेंडू टाकत होता. ब्रॉडीला दोनदा फ्री थ्रो मिळाले आणि दोन्ही वेळा आम्हाला त्याची पाठ दिसली.

"एवढ्या लांब येऊन पाठ," मी म्हटलं.

"मध्यंतरानंतर बाजू बदलतात, लेस. तुझं वय झालं."

मध्यंतरात आम्ही कोलंबी खाल्ली. कोलंबी उत्तम होती. खोटं कशाला बोलू, ती खाताना टी रांगेची आठवणही आली नाही. टोबी येऊन विचारून गेला, सगळं ठीक ना? व्हर्ना म्हणाली, सोफे उंच करा. त्याने ते खरोखर लिहून घेतलं.

तिसऱ्या क्वार्टरला सुरुवात होऊन चारेक मिनिटं झाली असतील. ब्रॉडी उजवीकडून आत घुसला, एकाने त्याचा हात ओढला, शिटी वाजली. दोन फ्री थ्रो. आता तो आमच्या समोर, पाच-सात पावलांवर, तोंड आमच्याकडे. सगळं सभागृह गप्प झालं. आपला माणूस नेम धरताना आमच्या गावात कुणी खोकतही नाही. त्याने वाकून गुडघ्यांवर हात ठेवले. आमच्या खालच्या जागेवरून त्याचा चेहरा स्पष्ट दिसत होता. ओठ हलले. मला काही कळलं नाही. मी व्हर्नाकडे बघितलं.

तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"काय म्हणाला?"

"थांब."

चेंडू आत पडला. तो पुन्हा वाकला, ओठ पुन्हा हलले, दुसराही पडला. लोक ओरडले. व्हर्ना आता त्याचं तोंड बघत नव्हती. तिची नजर त्याच्या पायांवर होती.

"अगं, काय म्हणाला सांग ना."

"नंतर सांगते. तू मला एक सांग, तो शेवटचा डावीकडे कधी वळला होता?"

मी विचार केला. आम्हा टी रांगवाल्यांना हे असलं माहीत असतं. "नोव्हेंबरपासून नाही वळत. कोचची नवी चाल आहे ना ती? कॉस्टा तर म्हणतो, फार हुशार चाल आहे."

"चाल कसली," ती म्हणाली. "डावी टाच टेकवतच नाहीये तो. उडी मारून खाली येतो तेव्हा सगळं वजन उजव्यावर. आणि गुडघ्यावरच्या पट्ट्याखाली बघ, केवढी सूज आहे."

मी बघितलं. तिने सांगितल्यावर मलाही दिसलं, आणि मग दुसरं काही दिसेना. प्रत्येक उडीनंतर तो क्षणभर दात आवळायचा आणि लगेच चेहरा कोरा करायचा. बाजूला पाव्हलोव्हाच्या बशा फिरत होत्या. मॅच आम्ही नऊ गुणांनी जिंकलो.

लाऊंजमध्ये मॅचनंतर कर्णधार दहा मिनिटं येऊन जातो. हेही त्या जांभळ्या पट्टीत धरलेलं. ब्रॉडी ओल्या केसांनी आला, छपरवाल्यांबरोबर फोटो काढला, कुणाच्या नातीच्या टोपीवर सही केली. मग आमच्याकडे. जवळून तो चौतीस वर्षांच्या माणसाच्या मानाने थकलेला वाटला.

"मॅच आवडली?" त्याने विचारलं. ते तो प्रत्येकाला विचारत होता.

"आवडली," व्हर्ना म्हणाली. मग आवाज खाली आणून, जो तिला फारसा खाली आणता येत नाही, "फेब्रुवारीपर्यंत टिकायचा नाही तो."

ब्रॉडीचं हसू जागच्या जागी राहिलं. "काय?"

"तुझा गुडघा. त्याला सांगत होतास ना, टिक रे बाबा, फेब्रुवारीपर्यंत टिक. मी ओठ वाचते. मुद्दाम नाही वाचलं... म्हणजे मुद्दामच वाचलं, पण असं काही असेल असं वाटलं नव्हतं. माफ कर."

आजूबाजूला बघून तो आमच्यासमोरच्या खुर्चीच्या हातावर टेकला, डावा पाय लांब करून. व्हर्नाने त्या पायाकडे बोट केलं. "बघ, वाकवून बसवतही नाही तुला. जिने उतरताना अडकतो का?"

"कधीकधी."

"डॉक्टरला दाखवलं नाहीस."

"दाखवलं तर बसवतील." तो हलक्या आवाजात बोलत होता. "हा शेवटचा मोसम आहे माझा, फेब्रुवारीत संपतो. मला तो बाकावर बसून घालवायचा नाही."

"मी चौतीस वर्षं असले गुडघे बघितलेत. आतली गादी फाटलेली असते आणि माणसं त्यावर मलम चोळत हिंडतात. तुझ्याहून तगडी माणसं मला रस्त्यात भेटतात, जिना उलट तोंडाने उतरतात, कठडा धरून. आता शिवून घेतलास तर सहा आठवडे. नाही घेतलास तर... ते तुला आवडणार नाही."

मला वाटलं तो उठून जाईल. त्याऐवजी त्याने मला विचारलं, "तुम्ही नेहमी इथेच बसता?"

"नाही हो. वर, टी रांगेत."

"वर!" तो एकदम पुढे झुकला. पहिल्यांदाच तो खरोखर आमच्याशी बोलतोय असं वाटलं. "मी सात वर्षं इथे खेळतोय, वर कधी बसलो नाही. वरून... दिसतं का ते?"

"काय?"

"मी लपवतोय ते."

मी व्हर्नाकडे बघितलं. तिने हनुवटीने मलाच खूण केली. म्हणजे सांगायचं माझ्यावर आलं होतं.

"वरून एवढंच दिसतं की तू डावीकडे वळणं सोडलंस," मी म्हटलं. "नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून. आम्हाला वाटलं, चाल आहे."

"आमच्या कोचलाही तसंच वाटतंय," ब्रॉडी म्हणाला. "त्याला वाटतंय मीच काहीतरी नवीन काढलंय." आणि तो हसायला लागला. आम्हीही हसलो, पण ते हसू लवकर संपलं. कुणीतरी त्याला फोटोसाठी हाक मारली. उठताना त्याने डावा हात टेबलावर टेकवला. आता तो लपवत नव्हता, निदान आमच्यापासून.

घरी जाताना व्हर्ना गाडीत म्हणाली, "मी नाक खुपसायला नको होतं."

"मग का खुपसलंस?"

"दिसलं म्हणून." थोड्या वेळाने, "टी रांगेत बसले असते तर दिसलं नसतं. बरं झालं असतं."

बुधवारच्या पेपरात बातमी आली. कर्णधार केलेहरच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया, किमान सहा आठवडे बाहेर. पुढच्या मॅचला टी रांगेत रडारड. कॉस्टाने सगळ्या डॉक्टरांना शिव्या घातल्या. नायरीने व्हर्नाला धरलं. "तू जवळून बघितलंस ना? काही दिसलं नाही? आणि तो काय पुटपुटतो ते तर तू सांगितलंच नाहीस!"

"नीट दिसलं नाही," व्हर्ना म्हणाली. एकोणीस वर्षांतलं तिचं पहिलं खोटं मी शेजारी बसून ऐकलं.

तिला त्याचा त्रास झाला, हे मला माहीत आहे. त्यात संघ लागोपाठ चार मॅचेस हरला. प्रत्येक हारीनंतर ती माझ्या लिंबाची एक फांदी जास्त कापायची. टोबीचा फोन आला, लाऊंजचं काय ठरवलंत? ती म्हणाली, "कोलंबी चांगली होती. विचार करते."

जानेवारीतला एक रविवार. दुसरा क्वार्टर चालू होता, आणि आमच्या मागच्या लिफ्टमधून कुबडी घेतलेला एक उंच माणूस बाहेर आला. टोपी खाली ओढलेली. तो रांगांची अक्षरं वाचत वाचत आमच्यापर्यंत आला.

"टी," तो म्हणाला. "जागा आहे का?"

कॉस्टाचं तोंड उघडंच राहिलं. पण तो सरकला. कॉस्टा कुणासाठी सरकल्याचं मी त्याआधी बघितलं नव्हतं.

ब्रॉडी बसला, कुबडी पायाशी ठेवली आणि खाली बघायला लागला. मग त्याने कपाळाला हात लावला. "अरे, तो कोपरा सतत मोकळा आहे! तिथे कुणीच नाही. कायम असंच असतं का?"

"सात वर्षं," नायरी म्हणाली. "आम्ही ओरडतो. तुम्हाला ऐकू येत नाही."

"काय ओरडता?"

"कोपरा! म्हणून ओरडतो."

"आम्हाला वाटायचं पंचाला शिव्या घालताय."

मग त्याने विचारायलाच सुरुवात केली. तो नवा पोरगा एवढा पुढे का उभा राहतो? समोरच्यांची पाचही माणसं एकदम कशी सरकतात, हे नेहमी दिसतं का? मी बोट दाखवून सांगत होतो, कॉस्टा माझं खोडून काढत होता, आणि ब्रॉडी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे मान वळवत होता. वर्गात उशिरा आलेल्या मुलासारखा. त्याने कॉस्टाच्या अर्ध्या चिप्स संपवल्या, त्याचं त्यालाच कळलं नाही.

नायरीने अखेर विचारलंच. "ब्रॉडी, राग मानू नकोस. फ्री थ्रोच्या आधी तू काय पुटपुटतोस?"

त्याने व्हर्नाकडे बघितलं. व्हर्ना कोर्टाकडे बघत होती.

"यांनी सांगितलं नाही?"

"हिला नीट दिसलं नाही म्हणे."

ब्रॉडीने मान हलवली, सावकाश. "आधी मोजायचो," तो म्हणाला. "एक ते चार. श्वास बसावा म्हणून. या वर्षी गुडघ्याशी बोलत होतो. तो ऐकत नव्हता. मग एकीने त्याच्या वतीने मला ऐकवलं."

नायरीला अर्थ लागायला वेळ लागला. लागला तेव्हा तिने व्हर्नाच्या दंडावर फटका मारला. "खोटारडी!"

"हो," व्हर्ना म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "गादी किती फाटली होती?"

"डॉक्टर म्हणाले, आणखी महिनाभर खेळला असतास तर शिवायला काही उरलं नसतं."

ती पुढचा सगळा क्वार्टर त्याला व्यायाम सांगत होती. टाच कशी सरकवायची, उशी कुठे ठेवायची, बर्फ किती वेळ. तो निमूट ऐकत होता. त्यानंतरच्या तीन रविवारीही तो वर आला. तिसऱ्यांदा कुबडी नव्हती, आणि चिप्स त्याने आणल्या होत्या. मधल्या काळात आमच्या संघाने त्या कोपऱ्यातून चेंडू टाकायला सुरुवात केली. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

फेब्रुवारीतल्या शेवटच्या मॅचला तो अकरा मिनिटं खेळला. सहा गुण केले. त्यातले दोन डावीकडे वळून. तेव्हा व्हर्ना उभी राहून एवढ्या मोठ्याने ओरडली की पुढच्या रांगेतल्या माणसाचं पेय सांडलं. ती मॅच आम्ही हरलो आणि अंतिम फेरीही हुकली.

मार्चमध्ये व्हर्नाने टी रांगेची जागा पुन्हा घेतली. टोबीला तिने सांगितलं, वर्षातून एकदा लाऊंजमध्ये बोलाव, मी येईन. पुढच्या वेळी नायरीला आणते. तिला अजून कुणाचे ओठ वाचता येत नाहीत, पण शिकतेय म्हणे. शाळेच्या बसच्या आरशात मुलांवर सराव करते.